जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करताना: कामाचा क्रम, आणि बाजारात न मिळणारे भाग कुठून मिळवायचे

माळ्यावर किंवा दिवाणाखाली चादरीत गुंडाळून ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर आजही अनेक मराठी घरांत निघतो. कुणाकडे एचएमव्हीचा फिएस्टा किंवा कॅलिप्सो, कुणाकडे फिलिप्सची पेटी, कुणाकडे रेडिओग्रॅमच्या पोटात बसवलेला गॅरार्ड किंवा बीएसआर कंपनीचा इंग्लिश चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप टाकणारे यंत्र. दुरुस्तीला नेला की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळते: "याचे पार्ट येत नाहीत आता." हे उत्तर अर्धेच खरे आहे. कंपनीच्या डब्यात, कंपनीच्या नंबरासह तो भाग येत नाही, एवढेच. पण त्या भागाचे काम काय आणि त्याचे कोणते माप अचूक असावे लागते हे एकदा समजले, की बरेचसे भाग लेथवर बनतात, दुसऱ्याच यंत्रातून निघतात किंवा दुसऱ्याच धंद्यातला माणूस ते करून देतो. विकतच आणावा लागतो असा भाग जवळजवळ एकच, तो म्हणजे सुई. हात सढळ ठेवायचा तर तिथे.

इथे मुख्यतः १९६० ते १९८० या काळातल्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या, रबरी चाकाने थाळी फिरवणाऱ्या आणि सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते आणि जी तिच्या थरथरीची वीज करते ती डबी) असलेल्या प्लेअरांबद्दल लिहिले आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त सापडतात. पट्ट्यावर आणि बॅटरीवर चालणाऱ्यांचा विषय ओघात येईलच.

प्लग लावण्याआधी

वर्षानुवर्षे बंद असलेला प्लेअर 'चालतोय का बघू' म्हणून थेट प्लगला लावू नका. सुकलेले कंडेन्सर (वीज साठवणारे भाग), भुगा झालेले वायरचे वेष्टण आणि जाम झालेली मोटर यांतले काय आधी जळेल ते सांगता येत नाही, आणि जळाले की दहा मिनिटांचे काम दहा दिवसांचे होते.

आधी उघडा आणि फोटो काढा. वरून, खालून, प्रत्येक वायर कुठे जोडली आहे त्याचा जवळून. स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे, वॉशर कोणत्या क्रमाने आहेत, हे महिन्याभराने आठवत नाही. स्क्रू काढले की कागदावर पेटीचे ढोबळ चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. इंग्लिश यंत्रांचे स्क्रू बहुधा मेट्रिक नसतात, बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात: २ बीए साधारण ४.७ मिमी, ४ बीए ३.६ मिमी, ६ बीए २.८ मिमी. हरवला तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानात मिळणार नाही, आणि जवळचा मेट्रिक स्क्रू जोर लावून घातला तर ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात.

बऱ्याच यंत्रांची पत्र्याची पाटी स्प्रिंगांवर तरंगती असते. वाहतुकीसाठी ती आवळून ठेवणारे दोन-तीन लांब स्क्रू वरच दिसतात. ते सैल केले नाहीत तर मोटरची थरथर सरळ सुईपर्यंत जाते. फक्त तेवढेच सोडल्यावर घरघर थांबलेले प्लेअर असतात.

आता वीज. कापडी किंवा रबरी वेष्टणाची जुनी मेन्स वायर वाकवून बघा. तडकत असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण बदला. मग मल्टिमीटर सर्वांत वरच्या रेझिस्टन्स रेंजवर ठेवून, प्लग बाहेर काढलेला आणि प्लेअरचे बटण चालू असताना, प्लगची (अर्थ सोडून) प्रत्येक पिन आणि आतला लोखंडी सांगाडा यांच्यातले माप घ्या. काहीच दाखवू नये. काही ओहम किंवा काहीशे ओहम दिसले, तर तो सांगाडा थेट मेन्सला जोडलेला आहे असे समजा. ट्रान्झिस्टरऐवजी काचेचे व्हॉल्व्ह असलेल्या स्वस्त प्लेअरांत ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी असे करत, आणि काही ठिकाणी मोटरच्याच वाइंडिंगमधून ॲम्प्लिफायरचा पुरवठा घेत. अशा प्लेअरला बाहेरचा ॲम्प्लिफायर किंवा फोन कधीही जोडू नका, आणि पेटी उघडी असताना तो प्लगला लावू नका. विजेचे काम ज्याला येते त्याच्याकडूनच हा भाग करून घ्या. सांगाडा मेन्सपासून अलग असेल, तर तीन पिनांचा प्लग लावून अर्थ जोडावी.

व्हॉल्व्ह सेटमध्ये प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये २००–३०० व्होल्ट राहू शकतात. हात घालण्याआधी १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून ते उतरवा आणि मीटरने खात्री करा.

पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड वापरा: ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब प्लेअरच्या मालिकेत. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि प्लेअर वाचतो. नुसती मोटर असलेल्या यंत्रात बल्ब जेमतेम लालसर होतो किंवा पेटतच नाही, तेच हवे. एलईडी बल्ब या कामाचा नाही.

बटणाच्या दोन टोकांवर ठिणगी दाबणारा छोटा कंडेन्सर असतो. तो शॉर्ट झाला की बटण बंद करूनही मोटर फिरत राहते. तिथे 'एक्स२' असे छापलेला, मेन्ससाठीचाच कंडेन्सर लावायचा. साधा चालत नाही.

मोटर

मोटर फिरत नाही म्हणजे जळली असे नाही. दहापैकी नऊ वेळा जुने तेल लाखेसारखे घट्ट होऊन शाफ्ट धरलेला असतो. थाळी उचला (मधल्या दांड्यावर सी आकाराची चिप असते, ती हलकेच सरकवा, उडाली तर सापडत नाही), मोटर खाली उतरवा आणि उघडा. दोन टोकांना शाफ्ट ज्यांत फिरतो ते पितळी रंगाचे सच्छिद्र बुश असतात, भोवती तेल धरून ठेवणारी फेल्टची चकती. शाफ्ट आणि बुश आयपीएने, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाचा बोळा काळा येणे थांबेपर्यंत पुसा. मग फेल्ट आणि बुश हलक्या टर्बाइन तेलात काही तास भिजवा. ते न मिळाले तर शिलाई मशीनचे तेल चालते, फक्त ते लवकर सुकते. खोबरेल तेल घालू नका, थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे. तो मारला की दोन दिवस मोटर छान पळते आणि मग पहिल्यापेक्षा घट्ट होते.

जोडताना दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे आवळत, दर वेळी शाफ्ट हाताने फिरवून बघा. बुश स्वतःहून सरळ रेषेत बसले पाहिजेत. प्लॅस्टिकच्या काडीने मोटरवर हलकेच टकटक केले की ते जागेवर येतात. वीज काढल्यावर शाफ्ट कितीतरी वेळ आपोआप फिरत राहिला आणि हळूहळू थांबला, तर काम साधले. झटक्यात थांबला, तर पुन्हा उघडा.

मोटर तीन रबरी बुचांवर टांगलेली असते. ती कडक झालेली असतातच. मापाचे रबरी ग्रोमेट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा वाहनांच्या स्पेअर पार्टमध्ये मिळतात. माप भोकाचे आणि पत्र्याच्या जाडीचे घ्या, आणि मऊतले मऊ निवडा.

वाइंडिंग खरेच जळाले असेल तरी मोटर फेकू नका. पंखे आणि पंप गुंडाळून देणारा वाइंडिंगवाला गावोगाव आहे. जळकी कॉइल स्वतः सोडवू नका, आहे तशी न्या. वेढे आणि तारेचा गेज तो त्यातूनच मोजतो.

रबरी चाक

सगळ्यात जास्त घाबरवणारा आणि प्रत्यक्षात सगळ्यात सोपा प्रश्न हा आहे. मोटरच्या शाफ्टवर पायऱ्यापायऱ्यांची पुली असते. तिच्यात आणि थाळीच्या आतल्या कडेत हे चाक दाबून बसते. मेकॅनिक त्याला आयडलर म्हणतात. वेग बदलताना चाक वरखाली होऊन पुलीच्या वेगळ्या पायरीला लागते. पन्नास वर्षांत रबर कडक आणि चकचकीत होते, घसरते, किंवा प्लेअर एखाद्या वेगावर लावलेल्या अवस्थेतच बंद पडून राहिला असेल तर एका जागी खड्डा पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला 'धप धप' ऐकू येते.

आता मुद्द्याची गोष्ट. या चाकाच्या व्यासाचा वेगाशी काहीही संबंध नाही. पुलीच्या कडेचा वेग चाकाच्या कडेला मिळतो आणि चाकाच्या कडेचा तोच वेग थाळीला. मधले चाक फक्त निरोप पोहोचवते. थाळीचा वेग पुलीच्या आणि थाळीच्या आतल्या कडेच्या व्यासावरच ठरतो. म्हणून चाक मूळ मापापेक्षा एखादा मिलिमीटर लहान-मोठे असले तरी चालते, फक्त ते दोन्हीकडे नीट पोचले पाहिजे आणि बंद करताना सुटले पाहिजे. अचूक लागतात त्या गोष्टी दोन: चाक आपल्या भोकाभोवती तंतोतंत गोल असणे, आणि रबर पुरेसे मऊ असणे. हे कळले की 'मूळ पार्ट' शोधत वर्ष घालवायची गरज संपते.

आधी आहे ते चाक वाचते का बघा. भोकात बसेल असा बोल्ट घालून हँड ड्रिलमध्ये अगदी हळू फिरवा आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट पट्टीला लावून टेकवा. चकाकी गेली आणि खालचे मॅट काळे रबर दिसले की थांबा. आयपीएने पुसा. थाळीची आतली कड आणि पुलीही तशीच पुसा आणि नंतर तिथे बोट लावू नका. विंटरग्रीनचे तेल लावून रबर मऊ करायची पद्धत आहे. ती तात्पुरती आहे आणि रबर फुगून गोलाई बिघडू शकते. मी ती सुचवत नाही.

रबर गेलेच असेल, तर छापखान्यांच्या आणि पॅकिंग यंत्रांच्या रोलरना नवे रबर चढवणारे कारखाने शोधा. मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा औद्योगिक वसाहती असलेल्या शहरांत ते असतात. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. रबर मऊ हवे, नखाने दाबल्यावर किंचित दबेल असे. त्यांचे नेहमीचे रोलर कडक असतात. मूळ कडेची जाडी आणि आकार तसाच ठेवायचा. आणि शेवटचे ग्राइंडिंग चाकाच्या मधल्या भोकाला केंद्र धरूनच करायचे. एकासाठी ते तयार होत नाहीत, म्हणून ओळखीच्या दोघातिघांची चाके एकत्र द्या. दुसरा मार्ग म्हणजे लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची नवी चकती करून घेणे, कडेला खाच पाडून त्यात बेअरिंगच्या दुकानातली योग्य मापाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बसवणे. ओ-रिंगवर साचा जुळल्याची बारीक रेघ असते. ती पॉलिश पेपरने घालवली नाही तर आवाजात टिकटिक येते.

चाकाच्या भोकात एकच थेंब तेल, आणि जास्तीचे पुसून. रबराला तेल लागले की सगळे श्रम वाया. प्लेअर वापरून झाला की वेगाची कळ मधल्या मोकळ्या जागी किंवा बटण 'ऑफ'ला आणायची सवय लावा, म्हणजे नव्या चाकालाही खड्डा पडणार नाही.

पट्ट्यावर चालणाऱ्या प्लेअरचा हिशेब वेगळा आहे. जुना पट्टा डांबर होऊन पुलीला चिकटलेला असतो, तो आयपीएने सोडवायचा. नव्यासाठी पुली आणि थाळी यांच्याभोवती दोरा ताणून लांबी मोजा आणि त्यातून पाच ते दहा टक्के वजा करा. इथे पट्ट्याची जाडी महत्त्वाची असते, कारण पुलीचा कामाचा व्यास जाडीने वाढतो. जाड पट्टा घातला तर प्लेअर जलद पळतो.

पुलीचेही तसेच. मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या मोटरवर २४० मिमी आतल्या व्यासाची थाळी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरवायला पुली ५.७ मिमीच्या आसपास लागते. तिथे ०.१ मिमीची चूक म्हणजे वेगात पावणेदोन टक्के फरक. म्हणून पुली करून घ्यायची वेळ आली तर घरगुती लेथ नको, टूल-रूममध्ये जा आणि मायक्रोमीटरने मोजून घ्या.

वेग तपासणे

तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून थाळीच्या फेऱ्या मोजा: ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर १००. याहून बारीक तपासणी पट्ट्यापट्ट्यांच्या स्ट्रोब चकतीने होते. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी चकतीवर १८० पट्ट्या, ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७. पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. इंटरनेटवरून छापताना ५० हर्ट्झची चकती घ्या, अमेरिकन ६० हर्ट्झची नको. आणि उजेड जुन्या तारेच्या झिरो बल्बचा किंवा निऑनचा हवा. चांगल्या एलईडीखाली पट्ट्या दिसतच नाहीत. मोजणी नेहमी रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आणि मोटर अर्धा तास चालून गरम झाल्यावर करा.

हा खटाटोप कशासाठी? सहा टक्के वेग जास्त झाला की काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. गायकाचा आवाज पातळ होतो, आणि ज्याने तो आवाज प्रत्यक्ष ऐकला आहे त्याला ते खटकतेच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडचा प्लेअर पाठवला असेल तर नुसता ट्रान्सफॉर्मर लावून काम भागत नाही. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट देतो, पण वारंवारता ५०च राहते. ६० हर्ट्झसाठीची मोटर इथे सहाव्या भागाने मंद फिरते, ३३⅓ चे २७.८ होतात, आणि तेच काळी एकचे गाणे खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरते. अशा यंत्राला २० टक्के मोठी पुली लागते. बऱ्याच इंग्लिश कंपन्या दोन्ही पुल्या देत असत, त्यामुळे ५० हर्ट्झची पुली जुन्या बाजारात मिळण्याची शक्यता असते. इंग्लंडमधून आलेल्या प्लेअरला हा त्रास नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये लहान डीसी मोटर असते आणि वेग राखणारा गव्हर्नर बहुधा तिच्या आतच. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले की सूर हेलकावतो. साफ करून सुधारत नसेल तर जुन्या कॅसेट प्लेअरची मोटर बघा. ९ किंवा १२ व्होल्टची, फिरण्याची दिशा तीच, आणि मागच्या भोकातून बारीक स्क्रू फिरवून वेग जुळवता येणारी. भंगारात निघालेले टेपरेकॉर्डर त्यासाठीच घेऊन ठेवावेत.

चेंजरची यंत्रणा

आपोआप रेकॉर्ड टाकणारा चेंजर मध्येच अडकतो किंवा आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, परत जातच नाही, याचे कारण बहुतेक वेळा पिवळे, मेणासारखे झालेले ग्रीस. सगळे जुने ग्रीस केरोसीन आणि ब्रशने काढा, आयपीएने पुसा. घासणाऱ्या पत्र्यांना आणि मोठ्या दातेरी चाकाच्या खाचेत पांढरे लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा. पण रेकॉर्ड संपल्याची खूण देणारी जी हलकी पट्टी आर्म हळूहळू ढकलत नेतो, ती कोरडी आणि स्वच्छच राहिली पाहिजे. तिथे तेलाचा थेंब पडला तर चेंजर एक तर सुटतच नाही किंवा गाण्याच्या मधेच उठतो. दातेरी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे अडते ते बघा. जोर लावू नका.

जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग आतून फुगून तडकला असेल तर तो जोडता येत नाही. चिकटवला तरी पुढे तडकत राहतो. त्यासाठी त्याच मॉडेलचा दुसरा बंद प्लेअर शोधणे हाच उपाय.

सुई, कार्ट्रिज आणि वजन

जुन्या कार्ट्रिजचे दोन प्रकार भेटतात. क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षार असतो, तो हवेतली ओल शोषतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एवढ्या पावसाळ्यांतून तो जिवंत राहिला असेल अशी आशा धरू नका. सिरॅमिक कार्ट्रिज मात्र टिकते. तिचा आवाज गेला असेल तर बहुधा आतल्या रबराचा दोष असतो.

कार्ट्रिजवरचा नंबर भिंगाखाली वाचा आणि त्या नंबराची सुई शोधा. बऱ्याच सिरॅमिक कार्ट्रिजच्या सुईला दोन टोके असतात, कळ फिरवली की बदलतात: एक एलपीसाठी, एक ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकडीसाठी. स्टिरिओ एलपीचे टोक साधारण १८ मायक्रॉन, जुन्या मोनो एलपीचे २५, आणि ७८ चे ७५ च्या आसपास. एलपीच्या सुईने लाखेची तबकडी वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घरंगळते, खरखर येते आणि सुईही जाते. ७८ च्या टोकाने एलपी वाजवली तर रेकॉर्ड जाते, आणि ती परत मिळत नाही. जुनी सुई किती झिजली हे डोळ्यांना कळत नाही. तिचा इतिहास माहीत नसेल तर बदला. आजोबांनी जपलेल्या रेकॉर्डवर झिजलेली सुई फिरवणे म्हणजे त्या खाचेतला आवाज कातून काढणे आहे.

मूळ सुई मिळतच नसेल तर पूर्ण कार्ट्रिज बदला. बसवण्याची भोके अर्ध्या इंचावर, म्हणजे १२.७ मिमी अंतरावर असतील तर पर्याय बरेच. नसतील तर ॲल्युमिनियमच्या पट्टीचा छोटा ब्रॅकेट करावा लागतो. काहीही केले तरी आर्मच्या खुंट्यापासून सुईच्या टोकापर्यंतचे अंतर पहिल्याइतकेच राहिले पाहिजे, म्हणून जुने कार्ट्रिज काढण्याआधी ते मोजून लिहून ठेवा. नवी सिरॅमिक कार्ट्रिज अजून बनतात आणि स्वस्त सूटकेस प्लेअरांत येतात. आर्मवरचे वजन कमी करता येत असेल तर ऑडिओ-टेक्निकाची एटी३६००एल ही चुंबकीय कार्ट्रिज चांगली: २.५ ते ३.५ ग्रॅमवर चालते आणि सुई सहज मिळते. पण तिचा सिग्नल दोन-तीन मिलिव्होल्टच असतो, म्हणून मध्ये तो वाढवणारा फोनो प्रीॲम्प लागतो, आणि मोटर तिच्याजवळ असल्याने गुणगुण येऊ शकते. साध्या पेटी-प्लेअरसाठी सिरॅमिकच बरी. महागडी, दीड ग्रॅमवर चालणारी कार्ट्रिज जुन्या चेंजरला लावू नका. तिथला आर्म यंत्रणा ओढत नेतो, एवढ्या कमी वजनात सुई खाचेतून उडते.

वजन अंदाजाने ठेवू नका. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो. तो रेकॉर्डच्याच उंचीवर ठेवून सुई त्यावर टेकवा. सिरॅमिकसाठी बहुधा ३ ते ६ ग्रॅम. दहा-बारा दाखवत असेल तर आर्मची स्प्रिंग बदलली किंवा सुटली आहे. काही जण सुई उडते म्हणून आर्मवर नाणे चिकटवतात. नाणे दिसले तर आधी ते काढा, आणि आर्मचे बेअरिंग जड झाले आहे का ते बघा.

आर्मच्या आतल्या वायर केसासारख्या असतात. लाल वायर उजव्या बाजूच्या आवाजाची, हिरवी तिची परतीची, पांढरी डाव्या बाजूची, निळी तिची परतीची. कार्ट्रिजच्या पिनवर कधीही सोल्डर करू नका. छोट्या टोप्या वेगळ्या करून मग बसवा.

ॲम्प्लिफायर

व्हॉल्व्ह सेटमध्ये, उदाहरणार्थ ईसीएल८२ हा व्हॉल्व्ह असलेल्यात, सर्वांत आधी बदलायचा तो आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (सिग्नल आत येतो त्या टोकाकडे) जाणारा कपलिंग कंडेन्सर. जुना कागदी कंडेन्सर गळतो, व्हॉल्व्ह तापतो आणि मागोमाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. तिथे तेवढ्याच क्षमतेचा ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर लावा. फिल्टरचे मोठे कंडेन्सरही बदला, पण 'मोठा तितका चांगला' म्हणत आकडा वाढवू नका: ईझेड८० सारख्या रेक्टिफायरला (एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर झेपत नाही.

ट्रान्झिस्टरच्या प्लेअरांत एसी१२७, एसी१२८ अशी जर्मेनियमची जोडी दिसते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ती बनवली होती, त्यामुळे जुन्या दुकानांच्या डब्यांत अजून निघतात. आधी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून बघा, ट्रान्झिस्टर बरेचदा ठीक असतात.

आवाजाचे बटण करकरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. बदलायचेच झाले तर ते किती ओहमचे आहे ते बघा. सिरॅमिक कार्ट्रिजला १ किंवा २ मेगओहमचा कंट्रोल लागतो. दुकानदार 'सगळे सारखेच' म्हणून १०० किलोओहमचा देतो, आणि मग डग्ग्याचा आवाजच नाहीसा होतो. कार्ट्रिज स्वतः काहीशे पिकोफॅरडच्या कंडेन्सरसारखी वागते. ८०० पिकोफॅरड धरले तर २ मेगओहमवर खालचे स्वर १०० हर्ट्झच्या खाली उतरू लागतात, १०० किलोओहमवर थेट २,००० हर्ट्झपासून. 'जुन्या प्लेअरचा आवाज पत्र्यासारखा येतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते.

ॲम्प्लिफायर पूर्ण गेला असेल आणि मूळ सर्किट उभे करणे शक्य नसेल, तर लहान नवा बोर्ड बसवायला हरकत नाही. मात्र कार्ट्रिज आणि बोर्ड यांच्यामध्ये बीएफडब्ल्यू१० सारख्या एफईटी ट्रान्झिस्टरचा किंवा टीएल०७२ या आयसीचा बफर टाका, इनपुटला १ ते २ मेगओहम ठेवून. बीएफडब्ल्यू१० आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत असतो, म्हणून सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळतो. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवा. पुढे कुणाला ते परत बसवायचे असतील.

स्पीकरचा कागद फाटला असेल तर पातळ टिश्यू पेपर आणि पाण्यात पातळ केलेला फेविकॉल पुरतो. पेटीचे रेक्झिन, बिजागऱ्या, पॉलिश ही कामे सर्वांत शेवटी.

भाग शोधायला कुठे जायचे

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट यंत्रांसाठी आणि लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक भागांसाठी. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि आठवडी भरणारा जुना बाजार. कोलकात्याला जाणे झाले तर फ्री स्कूल स्ट्रीटवरची रेकॉर्डची दुकाने आणि चांदनी मार्केट बघाच. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचे लाजपतराय मार्केट. जाताना बिघडलेला भाग सोबत न्या, मापे लिहिलेला कागद न्या, आणि नाव सांगण्याआधी वस्तू दाखवा. 'गॅरार्डचा आयडलर आहे का?' याला 'नाही' असे उत्तर येते. चाक हातात ठेवले की दुकानदार मागचा खोका काढतो.

सर्वांत फायद्याचा सौदा म्हणजे त्याच मॉडेलचा एक पूर्ण बंद पडलेला प्लेअर. आर्म, थाळी, स्प्रिंगा, कळा, स्क्रू सगळे एका जागी मिळते आणि सुटे भाग गोळा करण्यापेक्षा स्वस्त पडते. घेताना थाळीखाली बॉल बेअरिंगची चकती आणि तिच्या वरखालचे दोन्ही वॉशर आहेत का तेवढे नक्की बघा.

'जुना पण न वापरलेला' भाग घेताना विचार करा. रबर डब्यातही म्हातारे होते; १९७० चा सीलबंद आयडलर तुमच्या चाकाइतकाच कडक असतो. न वापरलेले क्रिस्टल कार्ट्रिजही बहुधा मेलेलेच. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर घेऊच नका. याउलट व्हॉल्व्ह, धातूचे भाग आणि हिऱ्याच्या सुया जुन्या साठ्यातल्या बिनधास्त घ्याव्यात, फक्त सुईच्या मुळाशी असलेले रबर वाकते का ते बघून.

मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल व्हिनाइल इंजिन या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. त्यातल्या सुट्या भागांच्या चित्रावर प्रत्येक भागाचा नंबर असतो. तोच नंबर घालून ईबेवर शोधले की मॉडेलच्या नावाने न दिसलेल्या गोष्टी दिसतात. एकच भाग पाच-सहा मॉडेलांना चालत असे, हेही तिथेच कळते. गॅरार्ड आणि बीएसआरचे भाग सर्वाधिक इंग्लंडमध्ये निघतात. तिथे नातेवाईक असतील तर सुई किंवा स्प्रिंग पाकिटात सहज येते. प्लॅस्टिकच्या कळा, ४५ चे मधले अडॅप्टर, आर्मची बोटपट्टी यांसाठी थ्री-डी प्रिंटिंग उत्तम. पण जिथे गोलाई आणि घर्षण महत्त्वाचे आहे, तिथे नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. जुन्या स्टुडिओतून किंवा संस्थेच्या अडगळीतून गॅरार्ड ३०१ किंवा १९६५ पासूनचा ४०१ निघाला, तर त्याला रंग देऊ नका, भोके पाडू नका आणि भंगारात तर मुळीच जाऊ देऊ नका. जगभर त्यांना मोठी मागणी आहे आणि त्यांचे रबरी चाक आजही नवे बनते.

पहिली रेकॉर्ड

पहिल्या वाजवणीसाठी लाडकी रेकॉर्ड घेऊ नका, ओरखडे पडलेली कुठलीही एलपी घ्या. सुई आतपर्यंत जाते का, शेवटी आर्म उठतो का, तासाभराने मोटर हात ठेवता येईल इतपतच गरम होते का, हे बघा. मग घरच्या रेकॉर्ड धुवायला काढा. व्हिनाइल एलपी डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब घालून धुता येते. ७८ च्या तबकडीला मात्र आयपीए किंवा स्पिरिट कधीच लावू नका. ती लाखेची आहे, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. लेबल भिजू न देता ओलसर फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा.

पावसाळ्यात पेटी भिंतीपासून दूर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि महिन्यातून दोनदा तरी अर्धा तास प्लेअर चालवा, म्हणजे बुशमधले तेल बसून राहत नाही. वर्षाने मोटरला पुन्हा दोन थेंब तेल द्या, आणि चाक व थाळीची कड पुन्हा एकदा पुसून घ्या.